पैसे कुणी लावले होते?

22 ऑगस्ट 2025 रोजी ऑनलाइन खेळांच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या तामसीत त्याचा अर्थ एका वाक्यात लागला: सरकारनं गेम बंद केले, बरं झालं. चहाच्या टपरीवर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. माझ्याकडे बघून हसणारे वेगळेच. माझी पंचेचाळिशी उलटली आहे, रानात कपाशी आणि तूर आहे, आणि घरी टीव्हीला जोडलेला एक गेमचा डबा आहे. वर खेळून झालेल्या गेमबद्दल मराठीत लिहायची खोडही आहे. एका काकांनी सरळच विचारलं, "काहून रे बापू, आता तुह्या त्या डब्याचं कसं?" मी म्हटलं, "काका, माह्या डब्याले काही झालं नाही. पैसे लावायचे गेम बंद झाले." काका म्हणाले, "एकच ना ते!"

एकच नाही ते. पण काकांशी माझं भांडण नाही. त्यांनी निदान तोंडावर विचारलं. भांडण आहे ते शिकल्यासवरल्यांशी. हेच वाक्य ते शाळेच्या स्नेहसंमेलनात, कीर्तनाच्या उत्तररंगात आणि वर्तमानपत्रातल्या सदरात चिंतनाची झूल पांघरून फिरवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गेम म्हणजे व्यसन, व्यसनात पैसा जातो, पोरं बिघडतात. पोरं खेळली तर एक वेळ समजून घेता येईल, पण दाढी पिकायला लागलेल्या माणसानं हातात कंट्रोलर धरावा म्हणजे कमालच झाली.

आधी कायदा बघू, कारण दाखला त्याचाच दिला जातो. या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे काढले आणि घाव फक्त त्यांच्यावर घातला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्सना आणि करमणुकीच्या साध्या खेळांना याच कायद्यानं उत्तेजन देऊ केलं आहे. ई-स्पोर्ट्सला तर केंद्रानं डिसेंबर 2022 मध्येच क्रीडा खात्याच्या छत्राखाली घेतलं होतं, आणि 2023 च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत त्यांना पदकंही होती. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर मला वेड्यात काढलं जातं, तो कागद माझ्याच बाजूचा निघतो. सुमारे 45 कोटी लोक पैशांच्या या खेळांत दरवर्षी 20 हजार कोटींच्या आसपास घालवतात, असा सरकारी अंदाज त्या वेळी सगळीकडे छापून आला. हे पैसे माझ्या डब्यातल्या मारिओनं खाल्लेले नाहीत.

आम्हा सीमेवरच्या लोकांना तर हा फरक कुणी शिकवायची गरजच पडू नये. तेलंगण सरकारनं जून 2017 मध्ये अध्यादेश काढून 1974 चा जुगाराचा कायदा बदलला आणि पैशांची ऑनलाइन रमी बंद पाडली. पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, तीच रमी पुढची आठ वर्षं राजरोस चालली. फोन तोच, पत्ते तेच, माणूसही तोच. नदीच्या अलीकडे ॲप म्हणायचं की तुमच्या राज्यात पैसे लावता येत नाहीत. पलीकडे गेलं की टेबल मांडलेलं. या आठ वर्षांत दोन्ही तीरांवर मारिओ मात्र सारख्याच उड्या मारत होता. त्याला कुठल्याच सरकारनं अडवलं नाही, कारण त्यात अडवण्याजोगं काही नव्हतं.

रमीचा इतिहासही याच मातीतला आहे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली सांगितलं, ते सिकंदराबादच्या एका रिक्रिएशन क्लबच्या खटल्यात. तेव्हा आमचा हा भाग आंध्र प्रदेशात होता. म्हणजे रमीला इभ्रतीचं प्रमाणपत्र मिळालं ते इथल्याच टेबलावरून, आणि बरोबर पन्नास वर्षांनी ते फाडलं तेही इथल्याच सरकारनं. या पन्नास वर्षांत क्लबात, लॉजवर आणि दिवाळीच्या रात्री ओसरीवर पत्ते कुटत कोण बसलं होतं? पोरं नव्हती. गेमचा डबा वापरणारे तर नव्हतेच.

त्याहून मागे जायचं तर मटका आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेनं मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. त्यालाच आकडा म्हणत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी आकडे काढायची स्वतःची सोय केली. मडक्यातून चिठ्ठी निघू लागली, पुढे पत्ते आले. कापूस पिकवणाऱ्या मुलखाला याची वेगळी ओळख करून द्यायला नको. आमच्या लहानपणी ओपन काय आला आणि क्लोज काय येईल, याचा अभ्यास करणारी मोठी माणसं आम्ही रोज बघत होतो. त्यांच्या हातात व्हिडिओ गेम कधीच नव्हता. तरी घर धुऊन निघायचं ते निघालंच.

आणि जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रात काय झालं ते आठवत असेलच. विधान परिषदेच्या सभागृहात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर रमी दिसत असल्याची चित्रफीत बाहेर आली. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा. तो मानू. पण गदारोळानंतर त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा खातं. यावर मी विनोद करत नाही. करायला काही शिल्लक ठेवलेलं नाही.

तर पैसे लावण्याचा आरोप ज्याच्या दारात ठेवायचा त्याच्या दारात ठेवून झाला. आता वयाचं बघू.

व्हिडिओ गेम हा पोरांचा खेळ, ही समजूत कुठून आली कोण जाणे. इकडे बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात पाँग या गेमचं पहिलं यंत्र बसवलं गेलं. काही दिवसांत ते बंद पडलं. उघडून बघितलं तर नाण्यांचा डबा गच्च भरला होता. त्या गुत्त्यात कुणी बालवाडीतली मुलं जात नव्हती. व्हिडिओ गेमचा धंदा मोठ्या माणसांच्या खिशातल्या नाण्यांवरच उभा राहिला. आमच्याकडे तो नव्वदच्या दशकात कॅसेटच्या रूपानं आला: नकली जपानी डबा, पिवळी किंवा काळी कॅसेट, तिच्यावर हजारो गेम असल्याची थाप, आणि आत फिरून फिरून तेच दहा-वीस. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची. 'कॉन्ट्रा' या गेममध्ये तीन जीवांचे तीस करायचे असतील तर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. हा क्रम कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोटो यांनी 1986 च्या एका वेगळ्याच खेळासाठी घातला होता. तो खेळ त्यांना स्वतःला अवघड जात होता म्हणून. 2020 मध्ये ते वारले, तेव्हा जगभर ज्यांनी हळहळ व्यक्त केली ते सगळे चाळिशी-पन्नाशीचे. ती पिढी म्हणजे आम्ही. आम्हाला वाढत्या वयाबरोबर सिनेमा सोडायला कुणी सांगितलं नाही, क्रिकेट सोडायला सांगितलं नाही. मग हेच का सोडायचं?

वेळ वाया जातो म्हणतात. हिशेब मांडू. आयपीएलच्या अलीकडच्या एका हंगामात 74 सामने असतात. एक सामना साडेतीन तासांचा धरला तर अडीचशे तासांच्या वर जातात. ज्या घरात सगळे सामने बघितले जातात, त्या घरच्या कर्त्याला आजवर कुणी बालिश म्हटलेलं मी ऐकलं नाही. 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. ते ज्यांनी इमानदारीनं बघितले, त्या माझ्या आत्या-मावश्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी मला ठेवू नयेत एवढंच. आणि या दोन्ही ठिकाणी माणूस नुसता बघत बसतो. माझ्या डब्यासमोर नुसतं बसून भागत नाही. एकाच राक्षसाशी विसाव्यांदा हरून त्याच्या हाताची हालचाल ओळखावी लागते, तेव्हा एकविसाव्यांदा तो पडतो.

पडद्यावर खेळणं म्हणजे खेळणं नव्हे, असंही एक पालुपद आहे. 28 जुलै 2025 रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. बुद्धिबळ थोरच आहे. पण आजच्या पिढीचे खेळाडू सरावाचे असंख्य डाव पडद्यावरच खेळतात, आणि त्याच सुमारास रियाधला झालेल्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळ हाही एक खेळ होता. मॅग्नस कार्लसन तिथे जिंकला. लाकडी पटावर बसलेलं प्यादं सात्त्विक आणि काचेवरचं तामसी, असा भेद करायचा असेल तर तो कार्लसनला सांगून बघावा.

व्यसनाचा आरोप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली आणि जानेवारी 2022 पासून ती यादी लागू झाली. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून यासाठी वेगळं उपचार केंद्र आहे. मोबाइलसाठी घरात आदळआपट करणारी मुलं मी पाहिली आहेत, बापाच्या खात्यातून गेममधले कपडे आणि बंदुका विकत घेणारीही पाहिली आहेत. पण ती यादी काय म्हणते ते वाचा. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सगळं साधारण बारा महिने चालणं. असं झालं तर तो आजार. रोज संध्याकाळी तास-दीड तास खेळून फवारणीला पहाटे उठणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये सात खेळांच्या 38,935 खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांच्या सांगण्यावर भिस्त न ठेवता कंपन्यांकडून खेळण्याच्या वेळेच्या प्रत्यक्ष नोंदी घेतल्या होत्या. खेळण्याच्या वेळेमुळे माणसाचं मन बिघडतं किंवा सुधारतं, असा म्हणण्यासारखा पुरावा त्यांना सापडला नाही. गेम खेळल्यानं मी सुखी झालो असा दावा म्हणून मी करत नाही. दुसऱ्या बाजूनंही दावे जपून करावेत.

आणि ज्या गोष्टीवर खरंच घाव घालायला हवा, तिकडे या चिंतनकारांचं लक्ष नसतं. पैसे देऊन पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, अशी सोय ठेवणारे गेम आहेत. बेल्जियमनं 2018 मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे पबजीवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, तेव्हा पालकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण ती बंदी मुलांच्या काळजीपोटी नव्हती. 118 चिनी ॲपांवर देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन ती घातली होती, आणि पुढच्याच वर्षी तोच खेळ वेगळ्या नावानं परत आला. मुलाच्या हातात कोणता गेम आहे, तो पैसे कशाचे मागतो, हे बापाला कळायला हवं. ते कळण्यासाठी बापानं कधीतरी गेम खेळलेला असावा लागतो. माझ्या घरी ही अडचण येत नाही. पोरगं दहावीला आहे आणि कुठल्या पेटीत हात घालायचा नाही हे त्याला मी सांगितलं आहे, कारण मला ते माहीत आहे.

हिंसेचं एका परिच्छेदात आटपतो. मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये रद्द केला. न्यायमूर्ती स्कॅलियांनी निकालात ग्रिमच्या परीकथांमधल्या क्रौर्याकडे बोट दाखवलं. आपल्याला ग्रिमपर्यंत जायचीही गरज नाही. भीमानं दुःशासनाची छाती फोडून रक्त प्याल्याची कथा आम्ही आजीच्या मांडीवर बसून ऐकली, आणि त्यामुळे आमच्यातल्या कुणी भावकीत छाती फोडली नाही. भावकीतली भांडणं बांधावरून झाली.

खरा मुद्दा वेगळा आहे. या सगळ्या टीकेमागे एक गृहीत आहे: गेममध्ये विचार करण्याजोगं काही नसतंच. म्हणून एक गेम इथे उघडून दाखवतो. 'पेपर्स, प्लीज' हा लुकास पोप नावाच्या एकट्या माणसानं केलेला, 2013 सालचा खेळ. त्याला पुढच्या वर्षी बाफ्ता पुरस्कार मिळाला. तुम्ही अर्स्तोत्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर कारकून आहात. समोर खिडकी, बाजूला माणसांची रांग. एकेक जण पासपोर्ट सरकवतो. तुम्ही तारीख बघता, फोटो बघता, शिक्का बघता, गावाचं नाव नियमांच्या पुस्तकाशी ताडून बघता. हिरवा शिक्का किंवा लाल. बरोबर तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच नाणी. रोज नवा नियम येतो, त्यामुळे वेग कमी होतो, त्यामुळे पगार कमी होतो. दिवस संपला की हिशेबाचा कागद: भाडं, जेवण, घर गरम ठेवण्याचा खर्च. घरी बायको, मुलगा, सासू आणि एक काका. पैसे पुरले नाहीत की जेवण तोडायचं की घराची ऊब, ते तुम्ही ठरवता. मग एक दिवस एक माणूस खिडकीशी येतो. कागद चोख. जाता जाता म्हणतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. पुढची ती. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. तिला आत सोडलं तर तुमच्या नावावर चूक चढते, आणि ठरावीक चुकांनंतर पगार कापला जातो. परत पाठवलं तर ती का जाते आहे हे तुम्हाला माहीत असतं. खेळ काही सांगत नाही. शिक्का तुमच्या हातात असतो.

हा खेळ मी सीमेवर बसून खेळलो. महाराष्ट्रातल्या जिवती तालुक्याच्या टोकाला, 2016 पर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या आणि आता कुमुरम भीम आसिफाबादला गेलेल्या भागालगत, चौदा गावं आहेत. त्यांच्यावर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणही. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची मतदार ओळखपत्रं आहेत, रेशन दोन्हीकडचं आहे. बाहेरून आलेला पत्रकार तिथे जातो, माणूस दोन कार्डं हातात धरून फोटो देतो, बातमी छापून येते, संपतं. त्या माणसाची कार्डं तपासणाऱ्या कारकुनाच्या खुर्चीत बसल्यावर काय वाटतं, हे मला कुठल्या बातमीनं सांगितलं नाही. या खेळानं सांगितलं. मंडल कार्यालयात मी कागद घेऊन रांगेत उभा राहतो तेव्हा खिडकीपलीकडच्या माणसाला आता मी थोडा वेगळा बघतो. त्याचा राग तेवढाच येतो, पण त्याच्या टेबलावर आज कुठला नवा नियम आला असेल हाही विचार येतो.

असं काही कादंबरीनं केलं असतं तर तिच्यावर परिसंवाद झाले असते. मराठीचा हा जुना स्वभाव आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, महाराष्ट्रानं त्या उशीखाली ठेवून वाचल्या, आणि समीक्षकांनी बरीच वर्षं त्यांच्याकडे बघितलंही नाही. आता त्यांचं नाव आदरानं निघतं. सिनेमाचं तेच: 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नाही म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला उभं करावं लागलं. आज सिनेमावर मराठीत पीएच.डी. होतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं 2012 मध्ये पॅक-मॅन, टेट्रिससकट चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले. मराठीत मात्र रविवारच्या पुरवणीत नाटकाचं, पुस्तकाचं, हॉटेलातल्या मिसळीचंसुद्धा परीक्षण येतं. गेमचं नाव निघतं ते पोलीस ठाण्याच्या बातमीत.

आणि हे गेम काही सगळे सातासमुद्रापलीकडून येत नाहीत. लॉकडाऊनमध्ये ज्या लुडो किंगवर सासू-सुना एकत्र बसल्या, तो नवी मुंबईतल्या कंपनीचा. 2020 मध्ये आलेला 'राजी' पुण्यात नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या कंपनीनं केला. त्यासाठी 2017 मध्ये लोकांकडून पैसे जमवायचा प्रयत्न झाला, तो फसला, तरी त्यांनी तो पुरा केला. सर्कशीत काम करणारी एक मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. भिंतींवर चितारलेल्या पुराणकथा आहेत, बाहुल्यांच्या सावल्यांसारखे प्रसंग आहेत. त्यात लढाया थोड्या एकसुरी होतात आणि शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो, असं माझं मत आहे. तेही मांडता आलं पाहिजे, आणि त्यावर वाद घालणारं कुणी मराठीत भेटलं पाहिजे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढचं भाषण, पुढचं सदर, पुढचं कीर्तन करण्याआधी एक गेम सुरू करून शेवटपर्यंत खेळा. 'राजी'पासून सुरुवात करा. तो साधारण पाच-सहा तासांत संपतो, म्हणजे आयपीएलच्या दोन सामन्यांहून कमी वेळात, आणि त्यात पैसे लावायची सोय नाही. संपला की मग हवं तेवढं वाईट बोला, मी ऐकेन आणि उत्तरही देईन.